मृत्यू एक, शिक्षा वेगवेगळी – असे का?



'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार आपण सर्वांनी शाळेत शिकला आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. आख्यायिका अशी की राघोबादादांच्या हुकुमात 'धरावे' असे लिहिले होते आणि मागाहून 'ध' चा 'मा' करण्यात आला. ही आख्यायिका आहे हे लक्षात ठेवूनच वाचावी. मात्र फौजदारी कायदा समजून घ्यायला याहून सोपे उदाहरण आम्हांला सापडले नाही.

समजा, हुकूम लिहिणाऱ्याने 'मारावे' असेच लिहिले. समजा, दुसऱ्याने 'धरावे' लिहिले, पण गारदी चिडलेले आहेत, हातात तलवारी आहेत, जीव जाऊ शकतो हे त्याला ठाऊक होते. आणि समजा, तिसऱ्याचे काम फक्त पहारा ठेवण्याचे होते, पण त्याने हलगर्जीपणा केला. मरणारा माणूस तिन्ही वेळा तोच. मग तिघांचा दोष सारखा म्हणायचा का? आपले मन 'नाही' म्हणते, आणि कायदाही तेच म्हणतो.

कायद्याच्या तीन पायऱ्या

१ जुलै २०२४ पासून आपल्या देशात जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलमांचे क्रमांक बदलले, तरी मूळ पायऱ्या त्याच राहिल्या.

१) खून (कलम १०३, पूर्वीचे ३०२) : यात मुख्यतः जीव घेण्याचा हेतू असतो. शिक्षा फाशी किंवा जन्मठेप.

२) सदोष मनुष्यवध (कलम १०५, पूर्वीचे ३०४) : याचे दोन भाग आहेत. हेतू होता, पण एकाएकी मोठी चिथावणी मिळाली किंवा स्वसंरक्षणात मर्यादा ओलांडली गेली, अशा प्रसंगी जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षे कैद. हेतू नव्हता, पण आपल्या कृत्याने माणूस मरू शकतो याची जाणीव होती, तर १० वर्षांपर्यंत कैद.

३) निष्काळजीपणाने मृत्यू (कलम १०६, पूर्वीचे ३०४-अ) : हेतूही नाही, जाणीवही नाही, पण जी काळजी घ्यायला हवी होती ती घेतली नाही. पूर्वी यास जास्तीत जास्त २ वर्षे कैद होती, आता ५ वर्षांपर्यंत आहे.

येथे भाषेची एक गंमत सांगतो. आपल्या इंदुरातील हिंदी वृत्तपत्रे दुसऱ्या पायरीला 'गैर-इरादतन हत्या' म्हणतात. आमचे महाविद्यालयीन शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तेव्हा आम्हीही हाच शब्द शिकलो. पण 'गैर-इरादतन' म्हणजे 'हेतू नसलेली', आणि या कलमाच्या पहिल्या भागात तर हेतू असतो! मराठीतला 'सदोष मनुष्यवध' हा शब्द जड वाटला तरी अधिक नेमका आहे. विद्यार्थ्यांनी तोच लक्षात ठेवावा.

फुटपाथवरचे सात जीव

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक भरधाव मोटार फुटपाथवर चढली. तेथे मजूर झोपले होते. ७ जण मेले, ८ जखमी झाले. चालक तरुण होता आणि दारू प्यालेला होता.

सत्र न्यायालयाने हा निष्काळजीपणा मानला व ६ महिने साधी कैद आणि दंड सुनावला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. दारू पिऊन अशा रस्त्यावर गाडी पळवणाऱ्याला परिणामाची जाणीव असतेच असे मानून त्याला दुसऱ्या पायरीवर आणले आणि ३ वर्षे सक्तमजुरी दिली. १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. इतकेच नव्हे, तर ही शिक्षा फार अपुरी आहे, पण सरकारने वाढीसाठी अपील केलेले नाही, असेही नमूद केले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीचा खटला निकाली निघाला. १० जानेवारी १९९९ रोजी तेथे एका महागड्या मोटारीखाली ६ जणांचा जीव गेला होता. त्यात पोलीसही होते. सर्वोच्च न्यायालयाने येथेही दुसरी पायरी धरली. मात्र भोगलेली सुमारे २ वर्षांची कैद पुरेशी मानून ५० लाख रुपये भरण्याचा व २ वर्षे समाजसेवेचा आदेश दिला.

हे निकाल शेजारी ठेवले की दोन गोष्टी दिसतात. एक, निष्काळजीपणा आणि जाणीव यांतली रेघ बारीक आहे. न्यायाधीशांचेही त्यावर मतभेद होतात. दुसरी, ५० लाख रुपये सगळेच भरू शकत नाहीत. ट्रकचालकाने तोच गुन्हा केला तर त्याने काय भरावे? भरपाई मृताच्या घरच्यांना मिळालीच पाहिजे. पण तिच्या बदल्यात तुरुंगातली वर्षे कमी होऊ लागली, तर तराजू एका बाजूला झुकतो.

भोपाळचा प्रश्न

आपण मध्य प्रदेशात राहतो, म्हणून भोपाळ टाळून चालणार नाही. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. सप्टेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय अधिकाऱ्यांवरील आरोप सदोष मनुष्यवधावरून निष्काळजीपणावर आणला. त्यांना मृत्यूची जाणीव होती असे दाखवणारा पुरावा समोर नाही, हे त्याचे कारण. पुढे ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने सात अधिकाऱ्यांना २ वर्षे कैद सुनावली. त्या कलमाखाली याहून जास्त देताच येत नव्हती.

न्यायालय पायरी ठरवते ती मनातल्या दोषावरून, मृतांच्या संख्येवरून नव्हे. हे तत्त्व बरोबर आहे. पण रस्त्यावरची एका क्षणाची चूक आणि धोकादायक कारखान्यात दीर्घकाळ चाललेली बेपर्वाई यांना एकच २ वर्षांची कमाल मर्यादा असावी, हे आम्हांला न्याय्य वाटत नाही. ही उणीव न्यायाधीशांची नसून कायद्याची होती.

गुन्हेगार लहान असेल तर?

१९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते मरण पावले. दोघेही आपल्या मध्य प्रदेशातील होते. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला, आणि अटींमध्ये रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. देशभर संताप उसळला. निबंध तर आम्ही गृहपाठ न करणाऱ्यालाही लिहायला लावतो!

संताप समजण्यासारखा होता, पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. जामिनाची अट म्हणजे शिक्षा नव्हे. शिक्षा खटल्यानंतर ठरते. दुसरे, बालन्याय कायदा मुद्दाम वेगळा केला आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवायचा, तर गुन्ह्यास किमान ७ वर्षांची शिक्षा सांगितलेली असावी लागते, आणि मंडळाने आधी मुलाची तपासणी करावी लागते. ज्या वयात माणूस अजून घडायचा असतो, त्या वयात सुधारणेची दारे बंद करू नयेत, हा त्यामागचा विचार आम्हांस मान्य आहे.

पालकांनी मात्र मोटार वाहन कायद्याचे कलम १९९-अ जरूर वाचावे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकास किंवा वाहनमालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. शिकवणीला उशीर होतो म्हणून नववी-दहावीच्या मुलाच्या हाती स्कूटरची चावी देणाऱ्यांनी यावर विचार करावा. त्या मुलाच्या हातून कोणी मेले, तर 'आम्हांला कल्पना नव्हती' असे पालकांना म्हणता येईल का?

आमचे मत

न्याय्य शिक्षेसाठी चार गोष्टी पाहाव्यात. मनात काय होते – हेतू, जाणीव की हलगर्जी? सारख्या गुन्ह्याला गरीब-श्रीमंत सर्वांना सारखी शिक्षा आहे का? गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही – त्याचे वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता – पाहिला का? फाशीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या बच्चनसिंग खटल्यात हेच सांगितले आणि फाशी केवळ दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणी द्यावी असे ठरवले. आणि चौथी गोष्ट, घटनेनंतर तो कसा वागला – थांबला, जखमीला दवाखान्यात नेले, की पळाला?

हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या आपल्या मुलांचा यात नेहमी गोंधळ होतो. पण न्याय्य दंडात दोन्ही अर्थ असावेत. गेलेला जीव कोणत्याही शिक्षेने परत येत नाही. मृताच्या आईला निदान एवढे कळावे की तिच्या मुलाच्या जिवाची किंमत न्यायालयाने ओळखली, आणि दोषीला कळावे की त्याने नेमके काय केले.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न (इयत्ता ९ वी ते १२ वी)

१) दोन चालक सारखेच दारू प्यालेले आहेत. एकाच्या गाडीखाली माणूस मेला, दुसरा योगायोगाने घरी पोहोचला. दोघांच्या शिक्षेत किती फरक असावा?

२) अपघातानंतर पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्यास १० वर्षांपर्यंत कैद सांगणारे कलम १०६(२) जानेवारी २०२४ मधील चालकांच्या संपानंतर लागू न करता राखून ठेवले गेले. जमाव मारहाण करील या भीतीने पळालो, असे चालक म्हणतात. तुम्ही कलम कसे लिहाल?

३) मृताच्या कुटुंबाने माफ केले, तर शिक्षा कमी व्हावी का?

उत्तरे घरी आई-वडिलांशी बोलून लिहावीत आणि वर्गशिक्षकांकडे द्यावीत. निवडक उत्तरे पुढील अंकात छापू.

– मुख्याध्यापक