राजभाषा आणि पीककर्ज

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये राज्यशासनाच्या कामकाजाची भाषा मराठी ठरली. या धोरणाचा प्रदेशाच्या अर्थव्यवहाराशी कोणता संबंध येतो, हे पीककर्जाच्या उदाहरणावरून पाहू.

शेतकऱ्याचा सातबारा मराठीत असतो. कर्ज दिल्यावर त्यातील 'इतर हक्क' या सदरात बँकेचा बोजा चढतो. बोजा, तारण, जामीनदार हे शब्द गावच्या बोलण्यातलेच. त्यामुळे नोंद चुकली तर ती शेतकऱ्याच्या ध्यानात येते आणि त्याला हरकत घेता येते. बँकेचा करारनामा मात्र पुष्कळदा इंग्रजीत असतो. व्याजदर केव्हा बदलेल, थकबाकीवर कोणता आकार पडेल, हे न वाचताच अंगठा किंवा सही होते. जमीन पणाला लागते ती या कागदावर!

वरील अधिनियम बँकांना लागू नाही. ग्राहकांसाठीचे छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेत असावे, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. पण पैसे भरण्याची चिठ्ठी मराठीत आणि करार इंग्रजीत, एवढ्याने काय साधणार? शब्दांची उणीव हे कारणही पटण्याजोगे नाही. ट्रॅक्टर कर्जदाराच्या ताब्यात ठेवूनच तो बँकेकडे गहाण राहतो. या व्यवहाराला मराठीत 'नजरगहाण' हा नेमका शब्द रूढ आहे.

कृती : जवळच्या बँकेतून कर्जाचा कोरा अर्ज मिळवा. त्यातील पाच अटी घरातील वडीलधाऱ्यांना समजतील अशा मराठीत लिहा.