चोरीनंतर सापडलेली गाडी घेताना

बर्मिंगहॅमला नोकरीला लागलेला भाचा जुनी गाडी घेतोय. मावशीने ब्रिटनमध्येच मोटार विम्याचे दावे हाताळण्यात हयात घालवली.

भाचा : मावशी, गाडी स्वस्त मिळतेय. विकणारा म्हणतो, ‘चोरीला गेली होती, सापडली, पण कॅटेगरी लागलेली नाही.’ घेऊ?

मावशी : आधी एक लक्षात घे, विमा कंपनी देते ते कॅटेगरीचं अक्षर चोरीचं नसतं, नुकसानीचं असतं. ए म्हणजे सगळी गाडी भंगारात, एक नटसुद्धा वापरायचा नाही. बी म्हणजे सांगाडा चिरडायचा, सुटे भाग मात्र विकता येतात. एस म्हणजे सांगाड्याला मार बसलाय, पण दुरुस्त होईल. एनमध्ये सांगाडा शाबूत असतो.

भाचा : मग एन घ्यायला हरकत नाही.

मावशी : तिथेच लोक फसतात! ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग, काहीही बिघडलेलं असू शकतं. शिवाय एसची नोंद लॉगबुकात, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदात, येते, एनची येत नाही.

भाचा : सी आणि डी पण ऐकले होते.

मावशी : ते १ ऑक्टोबर २०१७ पासून बंद झाले. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या वर गेला तर सी, खाली असूनही कंपनीने दुरुस्ती नाकारली तर डी. सगळा पैशाचा हिशेब. आता गाडीला काय झालंय ते बघतात. हा बदल मला मनापासून पटतो, कारण रस्त्यावर जीव सांगाड्यावर अवलंबून असतो.

भाचा : मग चोरीच्या गाडीला अक्षर कसं नाही?

मावशी : चोरी झाली की विमा कंपनी काही आठवडे वाट बघते, मग मालकाला पैसे देते आणि गाडी कंपनीची होते. पुढे ती धडधाकट सापडली, तर अक्षर कशाला? ती लिलावात विकली जाते. चोरांनी सीटा, एअरबॅगा काढून नेल्या असतील तर एन लागू शकतो. सांगाडाच कापला असेल तर एस, किंवा त्याहून वाईट.

भाचा : म्हणजे अक्षर नाही, तर गाडी चांगली.

मावशी : नाही रे. मूळ मालकाने फक्त थर्ड पार्टी विमा घेतला असेल, तर चोरीचा दावाच होत नाही. मग अक्षर देणार कोण? आणि गाडी अजून कंपनीचीच असेल, तर तू प्रामाणिकपणे पैसे मोजलेस तरी ती तुझी होत नाही. म्हणून कंपनीने गाडी विकल्याचा कागद माग. चॅसी नंबर लॉगबुकाशी ताडून बघ. पैसे भरून गाडीचा इतिहास काढ, चोरीचा शेरा हटवलाय का ते त्यात कळेल.

भाचा : एमओटी, म्हणजे इथली वार्षिक तपासणी, ताजी आहे.

मावशी : एमओटीत गाडी उघडून बघत नाहीत. चोरांनी वायरिंगला हात लावलाय का, जुन्या किल्ल्या रद्द केल्यात का, हे जाणत्या मेकॅनिककडून तपासून घे.

भाचा : आजच विचारतो विकणाऱ्याला कागदाचं.

मावशी : विचार. आणि कागद हातात येईपर्यंत डिपॉझिटसुद्धा देऊ नकोस.