पोराला नाव लावण्याआधी

दुसऱ्या लग्नातून घरात आलेलं पोर शाळेत घालताना बापाच्या रकान्यात नव्या नवऱ्याचं नाव टाकायचं आणि मोकळं व्हायचं, असं सर्रास चालतं. पण त्या नोंदीनं कुणी बाप होत नाही. हिंदूंच्या १९५६च्या पालकत्व कायद्याच्या सहाव्या कलमात सावत्र बापाला नैसर्गिक पालकांतून स्पष्ट वगळलं आहे. मृत्युपत्र न करता तो गेला, तर सावत्र पोर त्याचं पहिल्या वर्गाचं वारस ठरत नाही. उद्या संसार मोडला तर पोटगी खऱ्या बापाकडेच मागावी लागते; आईनं दुसरं लग्न केलं म्हणून त्याची जबाबदारी सुटलेली नसते. पोराचं कायद्यानं बाप व्हायचं असेल, तर दत्तक घ्यावं लागतं.

सगळ्यात आधी आईच्या पहिल्या लग्नाचे कागद काढा : पहिला नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट असेल तर कोर्टाचा हुकूमनामा. चार माणसांत बसून केलेला काडीमोड स्टॅम्पपेपरवर असला तरी पुढच्या टेबलावर अडकतो. जातीची वहिवाट सिद्ध करायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी, पण ते सोपं नाही.

मग पोराची शेती बघा. ही पायरी बहुतेक घरांत राहून जाते. मेलेल्या बापाची जमीन पोराला आधीच मिळाली असेल, तर दत्तक गेल्यावरही ती त्याचीच राहते. १९५६च्या दत्तक कायद्याचं बारावं कलम तसं सांगतं. तरी तलाठ्याकडे वारसनोंद आधी करून घ्या. फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर पोराचं नाव चढलं, की मगच दत्तकाचं बोला. नाहीतर चुलते ‘तो आता दुसऱ्याचा झाला’ म्हणून नोंदीला हरकत घेतात आणि तारखा सुरू होतात. मात्र जे अजून मिळायचं आहे ते जातं. आजोबा हयात असतील आणि जमीन त्यांच्या स्वकमाईची असेल, तर त्यांच्यामागे येणारा नातवाचा वाटा दत्तकामुळे तुटतो. आजोबांकडे पाच एकर बागायत आणि सावत्र बापाकडे नुसती हमाली, अशा घरात मी तरी दत्तकाची घाई करणार नाही. तिथे सावत्र बापानं पोराच्या नावानं मृत्युपत्र करावं आणि आई पालक आहेच.

दत्तकच ठरलं तर संमती. खरा बाप जिवंत असेल तर त्याची संमती लागते, आणि ‘तो कुठे आहे कुणास ठाऊक’ ही सबब दत्तक कायद्यात बसत नाही. तो वारला असेल तर आई एकटी देऊ शकते. आंध्रातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २८ जुलै २०२२ रोजी हे पुन्हा स्पष्ट केलं. अशा आईला पोराचं आडनाव ठरवण्याचाही अधिकार आहे, असंही त्या निकालात आहे.

पुढे दोन वाटा आहेत. हिंदू, बौद्ध, जैन, शीख घरांना दत्तकपत्राची वाट खुली आहे. त्यात पोर पंधराच्या आतलं हवं, मुलगी असेल तर बाप तिच्याहून निदान एकवीस वर्षांनी मोठा हवा, आणि मुलगा घ्यायचा तर त्या माणसाला स्वतःचा मुलगा नसावा. देण्याघेण्याचा प्रसंग प्रत्यक्ष घडला पाहिजे. होम सक्तीचा नाही, पण फोटो आणि साक्षीदार ठेवा. मग दत्तकपत्र देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सह्यांनी दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नोंदलेलं असलं की दत्तक कायदेशीर झालं असं कोर्ट धरून चालतं.

यातली एखादी अट आडवी आली, किंवा घर मुस्लिम वा ख्रिस्ती असेल, तर बालन्याय कायद्याची वाट आहे. ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या केअरिंग्स पोर्टलवर सावत्र पालक म्हणून नोंदणी करायची. तिथून अर्ज आपल्या जिल्ह्याच्या, म्हणजे आमच्याकडे नाशिकच्या, बाल संरक्षण कक्षामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी तेच देतात. आदेश किंवा दत्तकपत्र हाती आल्यावर आधी जन्मदाखला बदला, मग शाळा, आधार आणि रेशनकार्ड.

एक नीट समजून सही करा : दत्तक रद्द होत नाही. बायकोशी पटलं नाही तरी पोराची पोटगी मग तुमच्यावरच.

आता उलटी गोष्ट. लग्नातलं पोर आपलं नाही असा संशय असलेल्या नवऱ्याला निफाड कोर्टातून पोटगीचं समन्स येतं. त्यानं पहिल्या तारखेपासून हजर राहावं आणि लेखी जबाबात तो मुद्दा घ्यावा. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ११६वं कलम लग्नात जन्मलेलं पोर नवऱ्याचंच मानतं. गर्भ राहण्याच्या काळात दोघांची गाठ पडणं शक्यच नव्हतं, हे तारखांनिशी दाखवावं लागतं. डीएनए चाचणी मागितली की मिळते असं नाही. पुण्याच्या एका दाम्पत्याच्या खटल्यात २० फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती नाकारली. उलट नागपूरच्या प्रकरणात चाचणीचा अहवाल कोर्टासमोर आलेलाच होता. तिथे ६ जानेवारी २०१४ रोजी न्यायालयानं विज्ञानाचं ऐकलं आणि मुलीची पोटगी थांबवली, पण आधी दिलेले पैसे परत मिळणार नाहीत असंही सांगितलं. म्हणून मुद्दा काढायचा तर लवकर काढावा आणि निकाल लागेपर्यंत अंतरिम पोटगी भरत राहावी. थकली तर वॉरंट निघतं.

रक्कम ठरते ती उत्पन्नाच्या शपथपत्रावर. सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात शेतकऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना दिला आहे. लासलगावात कांदा विकणाऱ्यानं त्याला सातबारा, आठ-अ आणि बाजार समितीतल्या तीन वर्षांच्या हिशोबपट्ट्या जोडाव्यात, भाव पडलेल्या वर्षाच्याही. एकाच तेजीच्या हंगामाची पट्टी समोर आली तर त्यावरूनच दरमहाची कमाई धरली जाण्याची भीती असते. वकील परवडत नसेल तर निफाडच्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. बायका आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन केला तरी माहिती मिळते.