बाटलींतील बटाट्याचीं रोपें व उजेड

विषाणुरोगांपासून मुक्त असें बटाट्याचें बेणें आतां ऊतिसंवर्धनानें, म्हणजे रोपाचा लहानसा तुकडा निर्जंतुक बाटलींत वाढवून, तयार करितात. आमचे कित्येक सभासद बंधु अशीं रोपें घेण्याच्या विचारांत आहेत. रोपें स्वस्त नाहींत. म्हणून त्यांच्या वाढींत उजेडाचें काम काय, हें आधीं समजून घेणें अगत्याचें आहे.

बाटलींतील रोपास अन्न बहुतेक आयतेंच मिळतें. त्याच्या मुळाशीं क्षार व शेंकडा 3 साखर घालून घट्ट केलेला रस असतो. मग दिवे कशास जाळावयाचे, असा प्रश्न सहज उत्पन्न होतो. त्याचें उत्तर असें कीं, येथें उजेड हा अन्नापेक्षां हुकूम म्हणूनच अधिक चालतो. अंधाऱ्या खोलींतील बटाट्यास पांढरे, लांब व नाजूक कोंब फुटतात; मंद उजेडांत ठेविलेल्यास तेच कोंब आंखूड, जाड व हिरवे येतात, हें आपण सर्वांनीं घरीं पाहिलें आहे. बाटलींतही तोच न्याय लागू आहे. म्हणून तेथें 16 तास उजेड व 8 तास काळोख असा क्रम ठेवितात. नुसत्या तांबड्या उजेडांत रोप उंच व लेचेंपेचें होतें, निळ्यानें तें ठेंगणें राहतें. यास्तव दोहोंचें मिश्रण योजितात. तीन-चार आठवड्यांनीं प्रत्येक पेरें तोडून त्याचें नवें रोप करितां येतें.

रोपाऐवजीं बाटलींतच बारीक गांठी हव्या असल्यास क्रम उलटा करितात. साखर शेंकडा 8 पर्यंत वाढवावयाची आणि उजेड 8 तासांवर आणावयाचा, किंवा पूर्ण काळोख करावयाचा. बटाट्याचें पान रात्रीची लांबी मोजतें, व रात्र मोठी झाली कीं गांठ धरण्याचा निरोप खालीं पाठवितें. असा निरोप नेणारें एक द्रव्य 2011 सालीं शोधून काढण्यांत आलें. आमचा जन्म महसुलाच्या दप्तरांत गेला, पण वेळेचा इतका चोख हिशेब आम्हीं तेथें क्वचितच पाहिला! पुण्याकडे जूनअखेरचा दिवस 13 तासांहून थोडा मोठा, तर डिसेंबरांतील सुमारें 11 तासांचा असतो. लांब दिवस व उष्ण रात्र हीं दोन्ही पाल्यास धार्जिणीं असतात, हें सातगांव पठारावरील खरीप बटाटा करणारांनीं ध्यानांत घ्यावें.

खरा धोका रोप बाटलीबाहेर काढतांना असतो. बाटलींतील उजेड भर उन्हाच्या विसाव्या हिश्श्याइतकाही बहुधा नसतो, आणि हवा ओलसर असते. त्यामुळें पानावरील मेणाचा थर पातळ राहतो व पानांचीं छिद्रें नीट मिटत नाहींत. असें रोप एकदम उन्हांत लाविल्यास तें मान टाकतें. यास्तव मुळांस चिकटलेला रस धुवून टाकावा, नाहींतर बुरशी येते. रोपें सावलीच्या जाळीखालीं, प्रथम प्लास्टिकानें झांकून, दमट ठेवावीं, व दोन-तीन आठवड्यांत ऊन थोडथोडें वाढवीत जावें. बंद बाटल्या उन्हांत ठेवणें तर सर्वथा वर्ज्य. आंतील हवा तापून रोपें शिजतात. विकत घेतांना रोपें किती दिवस जाळीखालीं ठेविलेलीं आहेत, हें विचारावें, आणि बाटलींतून नुकतींच काढलेलीं असल्यास भाव त्या मानानें ठरवावा.