आधी झाकण उघडा

रेडिओ शॅकचा टीआरएस-८० मॉडेल १०० मी अमेरिकेत जुन्या सामानाच्या विक्रीत घेतला. १९८३ सालचा हा संगणक मांडीवर सहज मावतो. ४० अक्षरांच्या ८ ओळींचा पडदा, आणि चार पेन्सिल सेलांवर वीसेक तास काम. तिथले वार्ताहर यावर बातमी लिहून फोनच्या तारेवरून कचेरीत धाडत. सेल घातले, बटण सरकवलं, मेन्यू उमटला. विकणाऱ्याच्या चिठ्ठीवर ‘उत्तम चालू’ असं लिहिलेलं होतं.

आत वेगळंच चित्र होतं. मुख्य बोर्डावर सोल्डर केलेली छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी गळत होती आणि तिच्यातला अल्कली द्रव तांब्याच्या रेषांवर पसरून हिरवा पडला होता. आणखी काही महिने गेले असते, तर रेषा तुटल्या असत्या. अशी यंत्रं सुरू होतात म्हणून लोक थेट आधुनिक भाग बसवायला घेतात, आणि तिथेच घात होतो.

झाकण उघडण्याच्याही आधी फायली बाहेर काढा. या यंत्रात डिस्क नाही. सगळा मजकूर मेमरीत असतो आणि सेल काढल्यावर हीच बॅटरी तो जपते. ती उपटली की कुणीतरी टिपलेलं सगळं कायमचं गेलं. नल-मोडेम केबल आणि यूएसबी-सीरियल अडॅप्टर एवढ्यावर मजकूर आजच्या संगणकात उतरतो. हे काम कधीही टाळू नका. जुन्या यंत्रातला दुसऱ्याचा मजकूर ही आपल्याकडे आलेली ठेव असते.

मग बॅटरी काढा. डाग पांढऱ्या व्हिनेगरनं हलके पुसा, लगेच डिस्टिल्ड पाण्यानं आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवा. पूर्ण वाळल्यावर मीटरनं एकेक रेष तपासा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदलून टाका, वरून चांगले दिसत असले तरी; ते तळातून गळतात.

अडॅप्टर घेताना डोळ्यांत तेल घालून बघा: ६ व्होल्ट, आणि पिनेचा मध्य ऋण. आज घरात पडलेले बहुतेक अडॅप्टर मध्य धन असलेले असतात.

आता नवे भाग. तळाच्या जादा रॉमच्या सॉकेटमध्ये बसणारं रेक्स नावाचं फ्लॅश मॉड्यूल मला सर्वांत पटलं. अनेक रॉम त्यात राहतात, मेमरीची प्रतही ठेवता येते आणि वाटलं तेव्हा ते काढून घेता येतं. मात्र या सॉकेटची पिनरचना नेहमीच्या चिपसारखी नाही. साधी चिप दाबून बसवली की आतले पत्रे वाकतात आणि पुढे काहीच नीट टेकत नाही.

केस कापून रंगीत पडदा किंवा नवा बोर्ड कोंबण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. न तुटलेली मॉडेल १०० दरवर्षी कमीच होणार आहेत. जे परत काढता येईल तेवढंच घाला, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवा. गळकी बॅटरी तेवढी त्या डब्यात नको. ती ई-कचरा संकलनात द्या, कारण कॅडमियम विषारी आहे.