ताप आला तर सकाळची वाट बघू नको

अगं, आधी एक डिजिटल थर्मामीटर आण आणि आमच्या जावईबापूंच्या उशाशी ठेव. केमो झाली की साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. दवाखान्यात त्यालाच 'काउंट पडला' म्हणतात. एरवी दोन दिवसांत जाणारा ताप अशा वेळी माणूस नेऊ शकतो. म्हणून ताप १००.४ फॅरनहाइटला गेला की निघायचं, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत की घरात पाहुणे असोत. हुडहुडी भरली तर आकड्याचीही वाट बघू नको. आपल्या मनानं क्रोसिन देऊ नको, ताप दबतो आणि आजार आत वाढत राहतो. कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडून कमरेत इंजेक्शनही नको. प्लेटलेट कमी असल्या तर तिथेच रक्त साकळतं. इमर्जन्सीत पोचलीस की पहिलं वाक्य 'केमो चालू आहे, ताप आहे' हेच बोल. अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. केसपेपरच्या रांगेत गप्प उभी राहू नको, भांड. आमच्या ह्यांच्या वेळी मी भांडले होते.

आता बघायला येणारी माणसं. ती येणारच, सफरचंदं घेऊन, आणि एखादा शिंकतही येईल. 'डॉक्टरांनी मनाई केलीय' असं बेधडक सांग, वाईटपणा डॉक्टरांच्या माथी जाऊ दे. पूजेचं पंचामृत कच्च्या दुधाचं असतं. जावईबापूंनी नुसता नमस्कार करावा, तोंडात घालू नये. देव रागवत नाही. कच्ची कोशिंबीर, बाहेरची चटणी, उसाचा रस, कालची भाजी, सगळं बंद. गरम वरणभात, नीट शिजवलेलं अंडं, घरी सोललेलं केळं चालतं. कुणी काढा, गुळवेल आणून दिली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोटभरही नको.

तुझ्या स्वतःच्या जिवाचंही ऐक. कॅन्सर लागत नाही, एका ताटात जेवलात तरी. पण केमोचं औषध लघवी, शौच, उलटीतून बाहेर पडतं, निदान ४८ तास तरी. तेवढे दिवस बादली, चादर, कपडे हातमोजे घालूनच हाताळायचे, वेगळे दोनदा धुवायचे, नंतर साबणानं हात. कमोड असेल तर झाकण लावून दोनदा फ्लश करायचा. देशी संडास असेल तर पाणी सावकाश ओतायचं, शिंतोडे उडवायचे नाहीत. त्यांनी लघवीही बसूनच करावी, लाज कसली त्यात! केमोच्या गोळ्या असतील तर उघड्या हातानं घ्यायच्या नाहीत, कुटायच्याही नाहीत. सूनबाईला दिवस गेलेत ना? मग तिला यातल्या कशालाच हात लावू देऊ नको. आणि नवराबायकोचं जवळ येणं असेल तर निरोध वापरा. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतेय.

पुढे शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाले की शेजारणी सांगतील, नातवंडांना लांब ठेव. मशीननं बाहेरून दिलेला शेक अंगात राहत नाही, खुशाल मांडीवर बसव. थायरॉईडच्या कॅन्सरला पाजतात त्या आयोडीनची गोष्ट वेगळी; तिथे काही दिवस वेगळी खोली लागते. शेकाच्या जागी हळद, तेल, पावडर मात्र काही लावू नको.

आजच एक काम कर. वॉर्डच्या सिस्टरकडून रात्रीचा इमर्जन्सी नंबर लिहून घे, आणि केमोची तारीख, औषधांची नावं, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट एका पिशवीत घालून ती दाराशी टांगून ठेव.