मणी, तार आणि भट्टी : हातघडणीच्या दागिन्यांतील करिअर

हातघडणीचे कलात्मक दागिने तांबे, पितळ किंवा चांदीचा पत्रा, तार आणि भाजक्या मातीचे किंवा चिनी मातीचे मणी यांतून तयार होतात. सोन्याचा दागिना मोडीत दिला तर धातूचे पैसे परत मिळतात. तांब्याच्या हाराला मोडीत जवळपास काहीच येत नाही. गिऱ्हाईक इथे पैसे मोजते ते रचनेचे आणि घडणावळीचे. या फरकावरच या क्षेत्रातील शिक्षण, कमाई आणि जोखीम ठरते. दुकानात टिकते ती दिसायला वेगळी, अंगावर न टोचणारी आणि चार वर्षांनीही न सुटणारी वस्तू. ती घडवण्याइतका हात बसायला वेळ लागतो.

नाशिकची पार्श्वभूमी

या कामाला लागणारे दोन्ही मूळ धंदे जुन्या नाशकात एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. गोदाकाठच्या सराफ बाजारात चांदीच्या वस्तूंची घडण आणि विक्री चालते. भांडी बाजार आणि तांबट लेन ही नावे तांब्या-पितळेच्या धंद्याची आहेत, आणि १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरनेही या धंद्याची दखल घेतली आहे. कुंभारवाड्यात मातीकाम चालत आले आहे. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशकातील ‘मातीची गढी’ या टेकाडाचे उत्खनन केले, तेव्हा तिथल्या प्राचीन थरांत मणीही मिळाले. गोदावरीच्याच खोऱ्यात, प्रवरेकाठच्या नेवासे येथे, ताम्रपाषाण काळातील एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली, आणि तिच्या धाग्याचे अवशेषही तपासले गेले. धातूचा मणी धाग्यात ओवून गळ्यात घालणे या भागात तीन हजार वर्षांहून जुने आहे.

आजच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने याचा उपयोग सरळ आहे. पत्रा कुठे कापून मिळतो, डाख कोण देतो, उजाळा कुठे करून मिळतो, हे नाशकात विचारत फिरल्यास एका दिवसात कळते. सगळी अवजारे पहिल्याच महिन्यात विकत घेण्याची गरज पडत नाही.

काम नेमके काय असते

मण्याचे काम मातीपासून सुरू होते. माती मळून तिच्यातील हवा काढतात, सारख्या वजनाचे गोळे करतात आणि मणी वळतात. ओल्या मातीत भोक पाडले तर मणी चेपतो आणि पूर्ण वाळलेल्या मातीत पाडले तर तडकतो. म्हणून माती अर्धवट सुकून घट्ट झाली की सुई फिरवत फिरवत दोन्ही बाजूंनी भोक पाडतात. माती वाळताना आणि भाजताना आकसते. आकस १२ टक्के असेल तर भाजल्यावर २ मिलिमीटरचे भोक मिळण्यासाठी कच्च्या मण्यात ते सुमारे २.३ मिलिमीटरचे ठेवावे लागते. हा हिशेब चुकला की शंभर मण्यांची घाणीच वाया जाते, कारण एकातूनही दोरी जात नाही.

साधी लाल माती ९०० ते १००० अंश सेल्सिअसला भाजते. स्टोनवेअर नावाची दगडासारखी कणखर होणारी माती १२०० अंशांच्या वर न्यावी लागते. मण्यात ओल राहिली तर आतल्या वाफेने तो भट्टीत फुटतो आणि शेजारचे मणीही खराब करतो. ५७३ अंशांच्या आसपास मातीतील गारेच्या कणांचे आकारमान एकदम बदलते, त्यामुळे त्या टप्प्यावर भट्टी चढताना आणि उतरताना घाई करत नाहीत. झिलई दिलेला मणी फळीवर ठेवला तर वितळलेली झिलई त्याला फळीला चिकटवून टाकते. म्हणून असे मणी उष्णता सोसणाऱ्या तारेवर ओवून, एकमेकांना न लागतील असे टांगतात. शेवटी प्रत्येक भोकाची कड बोटाने तपासून घासतात. कड धारदार राहिली तर ती दोरा हळूहळू कापते, आणि हार तुटतो तो गिऱ्हाइकाच्या गळ्यात.

धातूकामाची शिस्त वेगळी आहे. तांब्याचा पत्रा ठोकत गेल्यावर कडक होतो. तो तडकण्याआधी मंद लाल होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. याला ताव देणे म्हणतात. तार बारीक करायची तर ती जंतर नावाच्या धातूच्या पट्टीतील एकाहून एक लहान भोकांतून ओढतात. कानात जाणारी तार साधारण ०.८ मिलिमीटरची असते. जोड देताना टाकणखार लावून चांदीचा डाख वितळवतात. तांबे १०८५ अंशांना वितळते आणि डाख बहुधा ६५० ते ७५० अंशांच्या दरम्यान. या अंतरातच कारागिराला काम उरकायचे असते. त्यानंतर सौम्य आम्लात धुणे, कानस, पॉलिश पेपर आणि उजाळा.

तिसरे काम ओवण्याचे. जुन्या बाजारात पटवेकरी हाच धंदा करत आले आहेत. गाठ कुठे लपवायची, मण्यांमध्ये किती सैलपणा ठेवायचा, जड पदक मध्यभागी कसे टिकेल, यावर दागिन्याचे अंगावर बसणे अवलंबून असते. नवशिके विद्यार्थी या टप्प्याकडे दुर्लक्ष करतात, आणि दुरुस्तीसाठी परत येणारा बराचसा माल नेमका इथेच बिघडलेला असतो.

हे काम कोणाला जमते

चित्रकला चांगली असणे उपयोगी आहे, पण पुरेसे नाही. एकच कानातले वीस वेळा घडवताना विसावी जोडी पहिलीइतकी नीट येते का, ही खरी परीक्षा आहे. तासन्‌तास बारीक काम करण्याची सवय, मोजमापाचा कंटाळा नसणे, फुटलेल्या घाणीनंतर वहीत नोंद करून पुन्हा सुरुवात करण्याची चिकाटी आणि अनोळखी माणसाशी दराबद्दल न संकोचता बोलता येणे, हे गुण इथे कामी येतात. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत एखाद्या कारागिराकडे पंधरा दिवस बसून पाहिले तर मुलाची खरी ओढ त्याला आणि घरच्यांनाही कळते.

शिक्षणाचे मार्ग

शाळेत असताना कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा द्याव्यात. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीच्या निकालात वाढीव गुणही मिळतात. दहावीनंतर आयटीआयचा पर्याय आहे. सोनारकाम हा अभ्यासक्रम राष्ट्रीय यादीत असला तरी प्रत्येक संस्थेत चालत नाही, त्यामुळे प्रवेशाच्या पोर्टलवर त्या वर्षीची यादी पाहूनच ठरवावे. फिटर किंवा वेल्डरचे प्रशिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्यालाही मोजमाप, कानसकाम आणि जोडकाम पक्के येते, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरीची वाट मोकळी राहते.

बारावीनंतर तीन मुख्य रस्ते आहेत. पहिला कला महाविद्यालयाचा. राज्यातील पदवी प्रवेशांसाठी सीईटी कक्षाची एएसी सीईटी असते. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत, जिची स्थापना १८५७ ची, सिरॅमिक आणि धातुकामाची जुनी परंपरा आहे. दुसरा रस्ता डिझाइनचा. खारघरच्या निफ्टमध्ये फॅशनच्या पूरक वस्तूंच्या डिझाइनची चार वर्षांची पदवी आहे, आणि अहमदाबादच्या एनआयडीत सिरॅमिक व काच यांचे डिझाइन शिकवले जाते. दोन्ही ठिकाणी देशपातळीवरील प्रवेश परीक्षा असते आणि खर्चही मोठा असतो. तिसरा रस्ता दागिने उद्योगाचा. रत्न व दागिने निर्यात परिषदेने उभी केलेली आयआयजीजे ही संस्था मुंबईत आहे. तिथे संगणकावरील रचना, नमुना घडवणे आणि खडे बसवणे शिकून विद्यार्थी अंधेरीच्या सीप्झसारख्या निर्यात केंद्रांतील कारखान्यांत जातात.

पदवीशिवायचा मार्गही मानाचा आहे. पुदुच्चेरीत १९७१ मध्ये सुरू झालेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीमधून शिकून बाहेर पडलेल्या अनेकांनी देशभर स्वतःचे स्टुडिओ काढले. नाशकातला विद्यार्थी कारागिराच्या हाताखाली शिकत असताना यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करू शकतो. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे मुख्यालय नाशकातच आहे. पदवी नसल्याने पुढे अडेल, ही पालकांची काळजी त्यामुळे बरीच हलकी होते.

कमाईचा हिशेब

समजा, चिनी मातीचे मणी आणि तांब्याचे पदक असलेल्या एका हाराला १६० रुपयांचे साहित्य लागते. घडवायला अडीच तास जातात. ताशी १२० रुपये धरले तर मजुरी ३०० रुपये. भट्टीची वीज, फुटतूट आणि अवजारांची झीज मिळून ७० रुपये आणि डबी-पिशवीचे ३० रुपये. हार ५६० रुपयांना पडला. दुकानदार ४० टक्के कमिशन घेत असेल तर १,१०० रुपयांच्या विक्रीतून कारागिराच्या हाती ६६० रुपये येतात. मजुरी ३०० आणि नफा १००, म्हणजे एका हारामागे ४०० रुपये उरले.

या दराने महिना २० हजार रुपये मिळवायचे तर ५० हार विकले गेले पाहिजेत. ते घडवायला १२५ तास लागतात, म्हणजे २५ दिवस रोज पाच तास. उरलेल्या वेळात खरेदी, फोटो, कुरिअर आणि वसुली. घडवणे एकट्याला झेपते. महिन्याला ५० गिऱ्हाइके मिळवणे जास्त अवघड आहे. साहित्याचा खर्च काढून उरलेले सगळे पैसे म्हणजे कमाई, असे धरणारे कारागीर वर्षभर राबूनही स्वतःची मजुरी गमावतात. जांगडावर, म्हणजे विकला गेला तरच पैसे या बोलीवर, दुकानात ठेवलेल्या मालाची लेखी पावती आणि परतीची तारीख हवी, नाहीतर भांडवल दुसऱ्याच्या कपाटात अडकून पडते.

म्हणून टिकून राहणारे बहुतेक कारागीर कमाईचे दोन-तीन झरे ठेवतात : रोज खपणारी स्वस्त कानातली, लग्न-समारंभाच्या मागणीचे मोजके मोठे हार आणि शनिवार-रविवारच्या कार्यशाळा. गंगापूर धरणाच्या बाजूच्या वाईनरींकडे सुट्टीत येणारे मुंबई-पुण्याचे पर्यटक हे नाशिकचे जवळचे गिऱ्हाईक आहे. मुंबईत १९९९ पासून भरणारा काळा घोडा कला महोत्सव आणि तशी हस्तकला प्रदर्शने मोठा बाजार दाखवतात, पण गाळ्याचे भाडे, प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च आधी मांडूनच तिथे जावे. २०२६-२७ च्या सिंहस्थात नाशकात प्रचंड गर्दी होईल. त्या गर्दीची मागणी मुख्यतः स्वस्त माळा आणि पूजेच्या वस्तूंची असते, हे लक्षात ठेवून माल भरावा.

नोंदणी आणि योजना

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. फक्त वस्तू राज्यातच विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असेपर्यंत महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. परराज्यात किंवा ऑनलाइन मंचावर विकण्यापूर्वी करसल्लागाराला विचारावे. वस्त्र मंत्रालयाच्या हस्तशिल्प आयुक्तालयाचे कारागीर ओळखपत्र सरकारी प्रदर्शनांत गाळा मिळवताना उपयोगी पडते.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सोनार आणि कुंभार दोन्ही आहेत. वय १८ पूर्ण असलेल्या, पारंपरिक काम स्वतः करणाऱ्या कुटुंबातील एकाच व्यक्तीला तिचा लाभ मिळतो : प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत विनातारण कर्ज. इतरांसाठी मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. त्याची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करता येते.

आरोग्य आणि गुणवत्ता

वाळलेल्या मातीची धूळ फुप्फुसांना घातक असते. खोली कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी आणि मास्क वापरावा. शिसे असलेली झिलई आणि कॅडमियम असलेला डाख घेऊ नये. आम्ल पाण्यात हळूहळू घालावे, आम्लात पाणी कधीही नाही. घराच्या स्वयंपाकघरात डाखकाम करू नये. निकेलमुळे अनेकांच्या कानाला खाज आणि पुरळ येते, म्हणून कानातील तार शुद्ध चांदीची किंवा निकेलमुक्त असावी. परदेशी माल पाठवायचा तर युरोपात निकेल, शिसे आणि कॅडमियम या तिन्हींवर कायदेशीर मर्यादा आहेत. ‘९२५ चांदी’ म्हणून विकताना ९२.५ टक्के शुद्धता पाळलीच पाहिजे.

पालकांनी निर्णय कसा घ्यावा

सुरुवातीला भट्टी विकत घेऊ नये. भाजून देणाऱ्या स्टुडिओकडे मणी द्यावेत किंवा तयार मणी आणून धातूकाम आणि ओवणे शिकावे. शिक्षण किंवा नोकरी चालू ठेवून एक वर्ष काम करावे आणि चार गोष्टी वहीत लिहाव्यात : किती नग घडले, किती विकले गेले, किती परत आले आणि नातेवाईक व मित्र सोडून किती जणांनी दुसऱ्यांदा खरेदी केली. वर्षअखेरीस परक्या गिऱ्हाइकांची फेरखरेदी वाढत असेल आणि मजुरी धरूनही नफा उरत असेल, तर पूर्णवेळ उतरायला हरकत नाही. माल आवडतो पण खपत नाही, असे दिसले तर दागिने उद्योगातील डिझाइनची नोकरी किंवा कलाशिक्षकाचा पेशा याच कौशल्यावर उभा राहतो. आणि विसावा नग घडवतानाच कंटाळा येत असेल, तर हे काम छंद म्हणून ठेवून उपजीविकेसाठी दुसरे क्षेत्र निवडावे.